टी मारत गेलं की 'बी', सरळ चालवलं की 'ए': ८०८८वर स्वतःला बदलणारा कोड

प्रश्न – खाडाखोड

खालचा कॉम प्रोग्रॅम (डॉसची छोटी .कॉम फाइल) इंटेलच्या जुन्या ८०८८ प्रोसेसरसाठी आहे, १९ बाइटचा. आपल्याच पुढच्या इन्स्ट्रक्शनमधला आकडा बदलायचा आणि ते अक्षर पडद्यावर छापायचं, एवढंच त्याचं काम. यादीतले पत्ते आणि बाइट (डावीकडून त्याच क्रमाने, मग इन्स्ट्रक्शन) हेक्समध्ये, म्हणजे १६च्या पायावर आहेत आणि हेक्सची ए ते एफ अक्षरंही देवनागरीतच लिहिली आहेत, सांभाळून घ्या.

०१००   बीएफ ०सी ०१   मूव्ह डीआय, ०१०सी
०१०३   बी० २१   मूव्ह एएल, २१
०१०५   बी३ ०२   मूव्ह बीएल, ०२
०१०७   एफ६ ई३   मल बीएल
०१०९   ८८ ०५   मूव्ह [डीआय], एएल
०१०बी   बी२ ४१   मूव्ह डीएल, ४१
०१०डी   बी४ ०२   मूव्ह एएच, ०२
०१०एफ   सीडी २१   इंट २१
०१११   सीडी २०   इंट २०

२१ गुणिले २ म्हणजे ४२, म्हणजे 'बी' (४१ हा 'ए'चा कोड, ४२ 'बी'चा). तो आकडा ०१०सीवर, ४१च्या जागी जाऊन बसतो. तेव्हा 'बी' छापून यायला हवा.

खऱ्या ८०८८वर, डॉसमधून सरळ चालवलं की 'ए' येतो. त्याच मशीनवर डीबगमध्ये (डॉसचं प्रोग्रॅम तपासायचं साधन) टी मारत एकेक इन्स्ट्रक्शन पुढे सरकलो (इंट २१ला पी, म्हणजे ती पूर्ण करून पुढे) की 'बी'. डीबगमध्येच 'जी=१०० १११' (१००पासून चालव, १११वर थांब) दिलं तर 'ए' छापतो, आणि थांबल्यावर 'डी १०सी' केलं की मेमरीत ४२ दिसतो! डॉसबॉक्समध्ये (डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) कायम 'बी', पेंटियमवरही 'बी'. मेमरीत ४२ आहे तर चालला कोणता बाइट? रॅम खराब असेल का?

---

प्रतिसाद १ – बसस्टॉप

रॅमला दोष देऊ नका, ती ठणठणीत आहे. चाललेला बाइट रॅममधला नव्हताच.

८०८६ शिकवताना बीआययू (बसवरून बाइट आणणारा) आणि ईयू (इन्स्ट्रक्शन चालवणारा) अशी दोन चौकोनांची आकृती वहीत काढून घेतात. बीआययूच्या चौकोनात एक छोटी शिडी असते, ती प्रीफेच क्यू, म्हणजे पुढचे बाइट आधीच आणून ठेवायची रांग. ८०८६मध्ये ती ६ बाइटची आणि ८०८८मध्ये ४ बाइटची. परीक्षेत एका गुणाला विचारतात आणि सगळे विसरतात. तुमचा 'ए' त्या शिडीतून आलाय.

हिशेब असा. ८ बिटच्या मलला (गुणाकाराला) ७० ते ७७ क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, लागतात. तेवढा वेळ ईयू गुणाकारात अडकलेला आणि बस मोकळी. ८०८८चा बीआययू ४ क्लॉकला एक बाइट आणतो, म्हणजे १६ क्लॉकमध्ये क्यू गच्च: ८८, ०५, बी२, ४१. तुमचा ४१ मल संपण्याच्या कितीतरी आधी प्रोसेसरच्या पोटात गेलेला आहे. नंतर मूव्हने ४२ लिहिला तो रॅममध्ये. लिहिलेला पत्ता क्यूतल्या बाइटांशी ताडून बघणारं काहीही या चिपमध्ये नाही. त्यामुळे चालला ४१ आणि मेमरीत दिसतो ४२, दोन्ही खरं.

टी मारल्यावर डीबग ट्रॅप फ्लॅग लावतो. मग प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर इंट १ (इंटरप्ट, चालू काम थांबवून दुसऱ्या कोडकडे उडी) होतं, कंट्रोल डीबगकडे जातो आणि आयरेटने (इंटरप्टमधून परतायची इन्स्ट्रक्शन) परत येतो. यातल्या प्रत्येक उडीला क्यू रिकामी होते आणि पुढचे बाइट रॅममधून नव्याने आणले जातात. म्हणून टीला नेहमी ताजा बाइट मिळतो. अशा कोडसाठी टीएवढं फसवं साधन नाही: नेमका जो दोष शोधायचा तोच ते बुजवतं.

उपाय दोन बाइटचा. लिहिल्यानंतर लगेच ईबी ००, म्हणजे पुढच्याच इन्स्ट्रक्शनवर शॉर्ट जंप. १५ क्लॉक जातात, पण क्यू साफ होते. मात्र दोन बाइट घुसवले की पुढचं सगळं दोनने सरकतं. आकडा आता ०१०ईवर असेल, तर पहिल्या ओळीत बीएफ ०ई ०१ करा. ते राहिलं तर ४२ जाऊन पडेल जंपच्याच ०० वर. ८०८८वर सरळ चालवलं तर क्यूतला जुना ०० चालून पुन्हा 'ए'च येईल, पण टी मारत किंवा पेंटियमवर प्रोग्रॅम कुठे भरकटेल ते बघत बसा.

घेतलेली जंप, कॉल, रेट, इंट, आयरेट, कशानेही क्यू रिकामी होते. कंडिशनल जंप मात्र घेतली गेली तरच.

मध्ये नॉप (काहीच न करणाऱ्या इन्स्ट्रक्शन) भरून काम भागवू नका. ८०८८ला पुरलेले नॉप ८०८६ला पुरत नाहीत, ८०८६चे ३८६ला पुरत नाहीत.

---

प्रतिसाद २ – अर्धाबाइट

वरच्यात एक भर. हाच प्रोग्रॅम डॉसमधून हजारो वेळा चालवला तर क्वचित मध्येच एखादा 'बी' टपकेल. सेकंदाला १८.२ वेळा येणारं टायमर इंटरप्ट नेमकं ०१०९ आणि ०१०बी यांच्यामध्ये आलं की परतताना क्यू नवीन भरते. 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा: सीएलआय (इंटरप्ट अडवणारी इन्स्ट्रक्शन) लावून निकाल एकसारखा झाला की चोर सापडला.

क्यूची लांबी खरंच दिसते का हे पाहायचं असेल तर हा ३० बाइटचा प्रयोग करा. ८०८८वर ० छापतो, ८०८६वर १.

०१००   एफसी   सीएलडी
०१०१   एफए   सीएलआय
०१०२   बीएफ १३ ०१   मूव्ह डीआय, ०११३
०१०५   बी० ९०   मूव्ह एएल, ९०
०१०७   बी१ १०   मूव्ह सीएल, १०
०१०९   ३३ डी२   झॉर डीएक्स, डीएक्स
०१०बी   ९०   नॉप
०१०सी   डी३ ई३   एसएचएल बीएक्स, सीएल
०१०ई   एए   स्टॉसबी
०१०एफ   ९० ९० ९० ९०   चार नॉप
०११३   ४२   इंक डीएक्स
०११४   एफबी   एसटीआय
०११५   ८० सी२ ३०   ॲड डीएल, ३०
०११८   बी४ ०२   मूव्ह एएच, ०२
०११ए   सीडी २१   इंट २१
०११सी   सीडी २०   इंट २०

एसएचएल इथे शिफ्टसाठी नाही, वेळ काढण्यासाठी आहे. सीएलमधल्या आकड्याइतकं शिफ्ट करायला ८०८६वर ८ अधिक दर बिटामागे ४ क्लॉक लागतात. हेक्स १० म्हणजे १६ बिट, एकूण ७२ क्लॉक. तेवढ्यात क्यू काठोकाठ भरते.

स्टॉसबी (एएलमधला बाइट डीआयच्या पत्त्यावर लिहिणारी इन्स्ट्रक्शन) ०११३वरच्या इंकच्या (डीएक्स एकने वाढवणाऱ्या) जागी नॉप लिहितो. इंक स्टॉसबीपासून पाच बाइट पुढे आहे. ८०८६च्या क्यूत स्टॉसबी धरून सहा बाइट, म्हणजे इंक आत आलेला असतो, जुनाच चालतो आणि १ मिळतो. ८०८८मध्ये चार. स्टॉसबी उचलल्यावर एक जागा रिकामी होते, तिथे फार तर चौथा नॉप येईल. इंक बाहेरच राहतो, नंतर आणला जातो तेव्हा तो नॉप झालेला असतो.

०१०बीवरचा तो एकटा नॉप उगाच नाही. ८०८६ सरळ चालताना सम पत्त्यावरून दोन-दोन बाइट आणतो, तेही क्यूत दोन जागा रिकाम्या झाल्यावरच. स्टॉसबी सम पत्त्यावर (०१०ई) असला तरच क्यू नेमकी ०११३वर संपते. नॉप काढला की स्टॉसबी विषम पत्त्यावर जातो आणि निकाल त्या दोन-चार क्लॉकच्या शर्यतीवर अवलंबून राहतो. कॉम फाइलमध्ये ऑफसेट सम म्हणजे खरा पत्ताही सम, कारण सेगमेंटची सुरुवात १६च्या पटीत असते.

३८६वर हाच प्रयोग करून निष्कर्ष काढू नका. तिथे बॅरल शिफ्टर (कितीही बिट एका झटक्यात सरकवणारं सर्किट) आहे, शिफ्ट ३ क्लॉकमध्ये उरकते आणि क्यू भरायला सवडच मिळत नाही. तिथे वेळ काढायला डिव्ह (भागाकार) वापरा. १६ बिटला २२ क्लॉक लागतात.

---

खाडाखोड

ईबी ०० टाकलं, डीआय बदललं, 'बी' आला. धन्यवाद!

३० बाइटचा प्रयोग ८०८६वर केला, सरळ चालवल्यावर १. मग 'जी=१०० ११३' देऊन इंकवरच ब्रेकपॉइंट लावला. थांबला बरोबर ०११३वर, पण 'यू ११३' (मेमरीतले बाइट इन्स्ट्रक्शन म्हणून दाखव) केलं तर तिथे अजून इंक डीएक्सच. म्हणजे स्टॉसबीने काही लिहिलंच नाही? ८०८८वर तर हा ब्रेकपॉइंट लागलाच नाही, ० छापून सरळ 'प्रोग्रॅम टर्मिनेटेड नॉर्मली'.

---

प्रतिसाद ३ – बसस्टॉप

लिहिलं होतं. डीबगने ते पुसलं.

जीला पत्ता दिला की डीबग त्या जागेचा बाइट बाजूला ठेवतो (इथे ४२) आणि तिथे सीसी, म्हणजे इंट ३, लिहितो. तुमच्या ८०८६वर पुढे हे घडलं: क्यूत सीसी शिरला. स्टॉसबीने रॅममधल्या सीसीवर ९० लिहिला. चालला क्यूतला सीसी, म्हणून डीबगला जाग आली. जागा झाल्यावर त्याने शिरस्त्याप्रमाणे बाजूला ठेवलेला ४२ परत ठेवला. स्टॉसबीचा ९० गेला. यू तुम्हाला हा शेवटचा ४२ दाखवतो.

८०८८वर सीसी क्यूत शिरण्याआधीच त्यावर ९० पडला. ब्रेकपॉइंट उरलाच नाही, लागणार कसा?

यातून निघणारी शिस्त:

जो बाइट बदलला जाणार आहे त्यावर सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट नको. लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शन आणि लक्ष्य यांच्यामध्येही नको, तिथे थांबलात की क्यू साफ. ब्रेकपॉइंट लावायचा तो लक्ष्य चालून गेल्यानंतर, आणि मध्ये काय झालं ते परिणामांवरून ओळखायचं. तुमच्या प्रोग्रॅमसाठी ०१११ योग्यच होता. छापलं 'ए' आणि मेमरीत ४२, हा विरोधाभासच तुमचा पुरावा होता, आणि तो तुम्ही प्रश्नातच दिला होता.

पीबद्दल सावध. कॉल, इंट किंवा रेप (पुढची इन्स्ट्रक्शन पुन्हापुन्हा चालवणारा प्रीफिक्स) यांच्यावरून पी उडी मारतो ती पुढच्या इन्स्ट्रक्शनवर तात्पुरता सीसी ठेवूनच. रेप मूव्हसबी पुढचाच कोड लिहीत असेल तर तो सीसी वाहून जातो आणि प्रोग्रॅम हातातून सुटतो. तिथे टी, रेपच्या प्रत्येक फेरीला एकदा, कंटाळवाणं असलं तरी. आणि जीला दिलेल्या पत्त्यांपैकी एकाही ठिकाणी प्रोग्रॅम न थांबता संपला तर डीबग सीसी काढत नाही. तसाच पुन्हा चालवू नका, फाइल पुन्हा लोड करा.

दुसऱ्याच्या बायनरीत अशा जागा शोधायच्या असतील तर ईएक्सईमध्ये सोपं जातं. तिथे डीएस (डेटाचा सेगमेंट) बहुधा सीएसपेक्षा (कोडच्या सेगमेंटपेक्षा) वेगळा असतो, म्हणून कोडमध्ये लिहिणारा सीएसचा प्रीफिक्स २ई वापरतो. 'एस' कमांडने २ई सी६, २ई ए२, २ई ए३, २ई ८८ शोधा. कॉममध्ये चारही सेगमेंट एकच, त्यामुळे प्रीफिक्सची गरज नसते आणि ही युक्ती चालत नाही.

आणि ईबी ०० दिसला की लगेच 'पॅच!' म्हणून ओरडू नका. आयबीएम पीसी एटीच्या काळात दोन आउटच्या (पोर्टवर लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या) मध्ये पोर्टला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणूनही हीच जंप टाकत. आधीची इन्स्ट्रक्शन बघा: आउट असेल तर विलंब, मेमरीत लिहिणं असेल तर क्यूसाठी.

---

प्रतिसाद ४ – सोळासोळा

३८६ आणि पुढचं.

३८६ची क्यू १६ बाइट, ४८६ची ३२. ४८६मध्ये ८ केबीची कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) कोड आणि डेटा दोघांना सामाईक, त्यामुळे लिहिल्यावर कॅशमधला बाइट बदलतो. पण कॅशमधून आधीच क्यूत गेलेला बदलत नाही. म्हणून ४८६लाही जंप लागतेच, आणि इंटेल तसं स्पष्ट सांगतं. पेंटियमपासून प्रोसेसर स्वतः तपासतो की लिहिलेला पत्ता पुढे आणलेल्या इन्स्ट्रक्शनचा तर नाही ना, आणि असेल तर ती फेकून नव्याने आणतो. तुमचा पेंटियमवरचा 'बी' तो.

डॉसबॉक्समध्ये हा दोष बघायचा असेल तर सीपीयूटाइपला '३८६_प्रीफेच' आणि कोरला 'नॉर्मल' द्या. मग १६ बाइटच्या क्यूची नक्कल होते. डायनॅमिक कोर दिला तर एरर देऊन बंद पडतो. डॉसबॉक्सच्या डीबगर आवृत्तीत 'बीपीएम' आहे, मेमरीतला बाइट बदलला की थांबतो. कोणी लिहिलं ते शोधायला उत्तम.

३८६पासून डीआर० ते डीआर३ असे चार हार्डवेअर ब्रेकपॉइंट मिळतात. ते मेमरीत सीसी लिहीत नाहीत, म्हणजे वर सांगितलेली पुसापुशी टळते. पण 'हार्डवेअर आहे म्हणजे निर्धोक' हा गैरसमज. लक्ष्यावर राइट वॉच लावलात तर लिहिल्याबरोबर इंट १ होतं आणि क्यू रिकामी! लिहिणारा सापडतो, रोग मात्र त्या फेरीपुरता बरा होतो.

आजच्या लिनक्सवर जीडीबी या डीबगरचा साधा ब्रेक हा डीबगच्या जीचाच नातू. तोही बाइट जपून ठेवतो, सीसी लिहितो आणि थांबल्यावर जुना बाइट परत ठेवतो. स्वतःला बदलणाऱ्या कोडवर 'एचब्रेक' (हार्डवेअर ब्रेकपॉइंट) वापरा. व्हॅलग्राइंडमध्ये (प्रोग्रॅम आपल्या देखरेखीत चालवून तपासणारं साधन) एक्स८६वर एसएमसी-चेकचं (एसएमसी म्हणजे स्वतःला बदलणारा कोड) मूळ सेटिंग 'ऑल-नॉन-फाइल' असतं. फाइलमधून मॅप झालेला कोड तुम्ही पॅच करत असाल तर ते त्याला कळत नाही, 'ऑल' द्यावं लागतं. वेग मरतो, पण निकाल खरा येतो.

एकच मेमरी दोन पत्त्यांवर मॅप करून एका पत्त्यावर लिहायचं आणि दुसऱ्यावरून चालवायचं, ही पद्धत जिटमध्ये (चालता चालता मशीन कोड बनवणारा प्रोग्रॅम) चालते. तिथे पेंटियमचीही हमी सैल होते. पुढे आणलेल्या इन्स्ट्रक्शनची तपासणी लीनियर पत्त्यावर (प्रोग्रॅमला दिसणाऱ्या, खऱ्या मेमरीच्या नव्हे) होऊ शकते, म्हणून इंटेल अशा वेळी सीपीयूआयडीसारखी सीरियलाइझ करणारी, म्हणजे आधीचं सगळं संपवूनच पुढे जाणारी, इन्स्ट्रक्शन मागतं. दुसऱ्या कोअरवर चालू असलेला कोड बदलायचा असेल तर ती त्या कोअरवर चालायला हवी. लिनक्स कर्नल स्वतःचा कोड बदलताना आधी पहिल्या बाइटवर सीसी ठेवतं आणि सगळे कोअर सिंक करतं, मग बाकीचे बाइट लिहून पुन्हा सिंक, आणि सगळ्यात शेवटी पहिला बाइट. अर्धवट इन्स्ट्रक्शन कोणाच्या तोंडी पडू नये म्हणून एवढा खटाटोप.

बरोबर चालतंय पण कमालीचं हळू, अशी तक्रार असेल तर पर्फमध्ये (लिनक्सचं वेग मोजायचं साधन) 'मशीन क्लिअर्स डॉट एसएमसी' हा काउंटर बघा (इंटेलवर). पुष्कळदा कोड स्वतःला बदलतच नसतो. कोणीतरी व्हेरिएबल कोडला चिकटून ठेवलेलं असतं आणि प्रत्येक लिहिण्याला पाइपलाइन साफ होते. डेटा वेगळ्या पेजवर हलवा.

---

खाडाखोड

शेवटचं. ६४ बिट एआरएम बोर्डावर छोटा जिट आहे. एक्स८६वर चोख, क्यूईएमयूवर (मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चोख, बोर्डावर कधीकधी जुनाच कोड चालतो. डीएसबी आणि आयएसबी (आधीचं काम पुरं होईपर्यंत थांबवणारे अडथळे) दोन्ही टाकले आहेत. तिथेही जंपने भागेल?

---

प्रतिसाद ५ – अर्धाबाइट

नाही. तिथे अडकलाय तो क्यूत नाही, कॅशमध्ये. एआरएममध्ये इन्स्ट्रक्शन कॅश आणि डेटा कॅश वेगळ्या, आणि दोघींनी एकमेकींची खबर ठेवावी अशी सक्ती नाही. तुम्ही लिहिलेलं डेटा कॅशमध्ये पडून आहे, इन्स्ट्रक्शन कॅश जुनी ओळ धरून बसली आहे. जंप केलीत तरी बाइट येणार त्या जुन्या ओळीतूनच.

क्रम असा ठेवा: कोड लिहा, प्रत्येक ओळीसाठी डीसी सीव्हीएयू (डेटा कॅशमधलं बाहेर लिहा), डीएसबी आयएसएच, प्रत्येक ओळीसाठी आयसी आयव्हीएयू (इन्स्ट्रक्शन कॅशमधली ओळ रद्द करा), पुन्हा डीएसबी आयएसएच, शेवटी आयएसबी. तुमच्याकडे दोन अडथळे आहेत पण कॅशच्या दोन इन्स्ट्रक्शनच नाहीत. मधला डीएसबी गाळलात तर कॅश जुनाच बाइट पुन्हा उचलू शकते. आयएसबी जो कोअर तो कोड चालवणार त्याच्यावर लागतो. लिहिणाऱ्या थ्रेडवर टाकून दुसऱ्या कोअरला काही उपयोग नाही.

ओळ ६४ बाइटची गृहीत धरू नका. सीटीआर_ईएल० रजिस्टर वाचा: ० ते ३ बिट इन्स्ट्रक्शन कॅशचे, १६ ते १९ डेटा कॅशचे. आकडा २चा घातांक असतो आणि मोजमाप ४ बाइटच्या शब्दांत. ४ आला म्हणजे १६ शब्द, ६४ बाइट. सुरुवातीचा पत्ता ओळीच्या सीमेवर खाली ओढून घ्या, नाहीतर शेवटची ओळ सुटू शकते. हे हाताने करायचं नसेल तर जीसीसी आणि क्लँगमध्ये 'बिल्टइन क्लिअर कॅश' आहे, सुरुवात आणि शेवट दिला की झालं. एक्स८६वर ते जवळपास काहीच करत नाही, त्यामुळे तेच बेधडक दोन्हीकडे ठेवा.

क्यूईएमयू या कॅशची मुळात नक्कलच करत नाही, म्हणून तिथे पास. आणि बोर्डावर जीडीबीने थांबून थांबून बघितलंत तरी बहुतेक वेळा बरोबरच चालेल. थांबण्या-सुरू होण्यात कर्नलचा इतका कोड मधून धावतो की तुमची जुनी ओळ कॅशमधून हाकलली जाते. ८०८८वरच्या टीचाच प्रकार. तेव्हा जीडीबी बाजूला ठेवा. एका लूपमध्ये आकडा पॅच करा, लगेच फंक्शन बोलवा, परत आलेला आकडा लिहिलेल्याशी ताडा आणि जुळला नाही तर फेरीचा क्रमांक एका ॲरेमध्ये टाका. छपाई लूप संपल्यावर. मध्ये प्रिंटएफ घातलात तर तोही कॅश हलवतो.